पहिली कॅम्पर व्हॅन घेताना: कुत्र्याला आत ठेवून उतरता येईल का?

विरारहून मुंबई-अहमदाबाद महामार्गाने डहाणूकडे निघालेला माणूस मनोरला किंवा चारोटी नाक्यावर चहाला थांबतो. सोबत कुणी असेल तर एक जण आत जातो, दुसरा गाडीशी उभा राहतो. सोबत फक्त कुत्रा असेल तर मात्र पंचाईत होते. हॉटेलवाला कुत्र्याला आत घेत नाही, स्वच्छतागृहात त्याला नेता येत नाही, बाहेर खांबाला बांधावा तर तिथली भटकी कुत्री अंगावर धावून येतात. उरते ती गाडी. पण भर दुपारी, बंद गाडीत तो किती वेळ सुखरूप राहील? एकट्याने कुत्र्यासह फिरायला पहिले मोटारहोम घेणाऱ्याने हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा आणि पलंग, ओटा, शॉवर, टीव्ही वगैरे सगळे त्याच्या मागून येऊ द्यावे, असे माझे ठाम मत आहे. गाडी विकणारे नेमके उलट्या क्रमाने दाखवतात.

कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी त्याच्या पंजांच्या तळव्यांपुरत्याच असतात आणि त्यांचा उपयोगही बेताचाच. अंगातली उष्णता तो जीभ बाहेर काढून धापा टाकत घालवतो: तोंडातला ओलावा वाफ होऊन उडतो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. ही वाफ नीट व्हायला भोवतालची हवा कोरडी लागते, आणि वसईची हवा कोरडी नसते. मे महिन्यात आपल्याकडे पारा बहुधा ३३-३४ अंशांवर थांबतो, म्हणून विदर्भातले पाहुणे आपल्याला नशीबवान समजतात. पण तेच ३४ अंश कोरड्या हवेत कुत्रा निभावून नेतो, आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत तो लवकर थकतो. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारण ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ च्या पुढे गेले की उष्माघात समजायचा, आणि मग हातात काही मिनिटेच असतात. पग, बुलडॉग, शित्झू यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांत धाप टाकूनही हवा पुरेशी खेळत नाही, त्यामुळे त्यांचा धोका आणखी मोठा. आपला गावठी कुत्रा या बाबतीत पुष्कळ चिवट असतो. तरी बंद पत्र्याच्या डब्यात चिवटपणाचाही टिकाव लागत नाही.

२००५ साली ‘पीडियाट्रिक्स’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात उन्हात उभ्या केलेल्या मोटारींचा एक अभ्यास छापून आला. तो लहान मुलांच्या काळजीपोटी केला होता, पण कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाने त्यातले आकडे पाठ करावेत असे आहेत. बाहेर साधारण २२ ते ३५ अंश तापमान असताना गाडीच्या आत तासाभरात सरासरी २२ अंशांची भर पडली, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काचा दीड इंच खाली ठेवल्याने जवळपास काहीच फरक पडला नाही. म्हणजे डिसेंबरात बोर्डीला समुद्राचा वारा सुटलेला, आपल्याला छान वाटतेय, आणि त्याच वेळी उन्हातली बंद गाडी पंचेचाळीस अंशांकडे निघालेली असते. कॅम्पर व्हॅनची पोकळी मोठी आणि भिंती अस्तर लावलेल्या असल्या तर ती थोडी उशिरा तापते. पण तापते.

म्हणून गाडी पाहायला गेल्यावर आधी वर पाहावे. छताचा रंग पांढरा हवा. काळी, चॉकलेटी किंवा गडद हिरवी गाडी फोटोत रुबाबदार दिसते, पण कोकणात ती कुत्र्यासाठी घेऊ नये. मग छताच्या आतल्या अस्तराची चौकशी करावी. एसीच्या डक्टला गुंडाळतात तो काळा नायट्रिल रबराचा जाड थर पत्र्याला घट्ट चिकटवलेला असेल तर उत्तम. ग्लासवूल भरलेले असेल तर मी पाऊल मागे घेईन. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात ते ओल धरते, खाली बसते आणि पत्र्याला आतून गंज चढवते, जो दिसतो तेव्हा वेळ गेलेली असते. तिसरी गोष्ट म्हणजे छतावरचा पंखा. गरम हवा वर जाते, तेव्हा ती वरूनच बाहेर फेकली पाहिजे. मात्र नुसता छताचा पंखा बसवून भागत नाही. खालच्या बाजूने, कुत्र्याच्या नाकाच्या उंचीवर, गार हवा आत यायला जाळीची खिडकी हवी, आणि शक्यतो दोन्ही बाजूंना, म्हणजे सावलीकडची उघडता येते. ही जाळी स्टेनलेस स्टीलचीच असावी. नायलॉनची मच्छरदाणी मोठा कुत्रा एका पंजात फाडतो.

एक चाचणी मी प्रत्येकाला सांगतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोन वाजता गाडी उन्हात उभी करायला लावावी, इंजिन बंद, एसी बंद, पंखा चालू, दारे लावलेली. आणि आपण स्वतः वीस मिनिटे तिच्या जमिनीवर, जिथे कुत्र्याचे अंथरूण पडणार तिथे, आडवे व्हावे. सीटवर बसून कळत नाही ते जमिनीवर कळते: इंजिनाची धग कुठून येते, हवा कुठे कोंडते, डिझेलचा वास खाली किती साचतो. विकणारा याला तयार नसेल तर ती गाडी सोडून द्यावी.

“त्यापेक्षा एसीच लावून ठेवू” असे हमखास ऐकायला मिळते, तेव्हा विजेचा हिशेब मांडून पाहू. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण अडीच युनिट वीज. छोटा घरगुती एसी दमट दुपारी सरासरी ८०० वॅट ओढत असेल, तर इन्व्हर्टरमधली गळती धरून ही महागडी बॅटरी अडीच-तीन तासांत रिकामी होते. छतावर २०० वॅटचे दोन सोलर पॅनेल बसवले तर स्वच्छ हिवाळी दिवसात दीड युनिटाच्या आसपास वीज परत मिळते, जुलैत त्याहून बरीच कमी. याउलट छताचा पंखा ३०-४० वॅटवर चालतो, रात्रभराचा खर्च युनिटाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. पहिल्या गाडीत माझा कौल म्हणूनच पंखे, अस्तर आणि सावली यांना. एसी असावा, पण आपण आत असताना झोपण्यापुरता. एसीच्या भरवशावर कुत्र्याला ठेवून गेलात आणि इन्व्हर्टर ट्रिप झाला, तर खिडक्या बंद केलेली तीच गाडी त्याच्यासाठी भट्टी होते. मोबाइलवर तापमान कळवणारे सिमकार्डवाले यंत्र मिळते. ते जरूर घ्यावे, पण जव्हार-मोखाड्याच्या दऱ्यांत रेंज जाते हे लक्षात ठेवून. इंजिन चालू ठेवून उतरणे तर नकोच, धूर आत शिरण्याचा धोका वेगळा आणि चोरीचा वेगळा.

आता गाडीच्या आकाराकडे वळतो. एकट्या माणसाला मागे कुणी ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणणारा नसतो. आगाशी, पापडी, होळी इथल्या अरुंद रस्त्यांवर समोरून एसटी आली की साडेपाच मीटरची गाडी मागे घ्यावी लागते, तीही एकट्याने. शिवाय गाडी ठेवायची कुठे? वसई-विरारच्या बहुतेक सोसायट्यांत स्टिल्टखाली कारपुरतीच उंची असते. अडीच मीटरच्या वर उंच व्हॅन तिथे शिरत नाही. भुयारी मार्गांच्या आणि पार्किंगच्या तोंडाशी लावलेली लोखंडी कमान हीही त्याच पंक्तीतली. निर्मळ, गास, भुईगाव, नंदाखाल या पट्ट्यात ज्यांची अजून वाडी आहे त्यांना जागेची अडचण नाही. नालासोपाऱ्यात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने मात्र गाडी बुक करण्याआधी टेप घेऊन पार्किंग मोजावे, आणि त्या जागी जुलैत पाणी कुठवर चढते तेही शेजाऱ्यांना विचारावे. २०१८ च्या जुलैतले पाणी इथल्या लोकांच्या लक्षात आहे. कॅम्पर व्हॅनची बॅटरी आणि वायरिंग बहुधा जमिनीलगत असते, एकदा बुडाले की सगळा खर्च नव्याने.

सर्वांत छोटा पर्याय म्हणजे मारुती इको. लांबी ३.६७५ मीटर, किंमत साधारण ५-६ लाखांपासून, मेकॅनिक कुठल्याही नाक्यावर. आत उभे राहता येत नाही, झोपायचे आणि बसायचे एवढेच. एक माणूस आणि मध्यम बांध्याचा कुत्रा यांना पुरते, उंच माणसाला पाय मोकळे करायला पुढची सीट सरकवावी लागते. दोन गोष्टी मात्र बघून घ्याव्यात. इकोचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, त्यामुळे तिथली जमीन तापते. कुत्र्याची जागा मागेच ठेवायची. आणि आपल्याकडे धावणाऱ्या कितीतरी इको सीएनजीवरच्या असतात. त्यांच्या मागच्या डिकीत टाकी बसलेली असते, म्हणजे पलंगाची लांबी गेली. इको घ्यायचीच असेल तर पेट्रोलवरची घ्यावी.

त्यापुढची टाटा विंगर. तिच्याकडे माझा ओढा आहे आणि त्याचे कारण कुत्राच. तिची पुढची चाके गाडी ओढतात, मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट खालून जात नाही, म्हणून तिची जमीन इतर व्हॅनपेक्षा खाली असते. तरुण कुत्रा कशातही उडी मारतो, पण आठ-नऊ वर्षांच्या लॅब्रॅडॉरची कंबर धरली की उंच पायरी ही रोजची शिक्षा होते, आणि ३० किलोचा कुत्रा दिवसातून सहा वेळा एकट्याने उचलून चढवणे कुणाच्याही पाठीला झेपत नाही. उताराची फळी ठेवता येते खरी, पण महामार्गाच्या कडेला, पावसात ती काढ-घाल करणे जिकिरीचे. गाडी दहा वर्षे वापरायची असेल तर आजच्या पिल्लाचे म्हातारपण धरूनच पायरीची उंची मोजावी.

फोर्स ट्रॅव्हलर ही या धंद्यातली सर्वांत रुळलेली गाडी, १९८७ पासूनची. रुग्णवाहिका, शाळेची बस, लग्नाचे वऱ्हाड, सगळीकडे तीच, त्यामुळे सुटे भाग आणि मिस्त्री आडगावीही मिळतात. ३३५० मिलिमीटर व्हीलबेसची ट्रॅव्हलर उंच छताची घेतली तर आत ताठ उभे राहता येते. मागची चाके चालवणारी असल्याने चढावर भरवशाची, मात्र जमीन उंच. तिचीच नवी बहीण अर्बानिया चालवायला जास्त सुखाची आणि सुरक्षेतही पुढची, पण किंमत ३० लाखांच्या आसपास आणि वर आतल्या कामाचा खर्च. पहिल्या गाडीत एवढे पैसे घालू नयेत. वर्षभर फिरल्यावर आपल्याला खरोखर काय लागते ते कळते, आणि ते दुकानात वाटले होते त्याहून वेगळे असते. मुंबई-पुण्यात कॅम्पर व्हॅन भाड्याने मिळतात. कुत्र्याला परवानगी देणारा शोधून आधी दोन-चार रात्री काढून बघणे सगळ्यात स्वस्त पडते.

पिकअपच्या मागे छोटे घर बसवावे असाही एक विचार असतो. त्याचा सर्वांत प्रसिद्ध प्रवासी जॉन स्टाइनबेक. १९६० साली, ५८ व्या वर्षी, तो चार्ली नावाच्या पूडल कुत्र्याला घेऊन अशाच पिकअपने एकटा अमेरिकाभर फिरला आणि १९६२ मध्ये त्यावर ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे पुस्तक लिहिले. त्या प्रवासाकडे आज गाडी निवडणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर दोन गोष्टी दिसतात. चार्ली मागच्या घरात नव्हे, पुढे चालकाशेजारी बसून गेला, कारण मागच्या डब्यात काय चाललेय ते चालकाला कळत नाही. आणि चार्ली वाटेत आजारी पडला, डॉक्टर शोधत फिरावे लागले. एकट्या माणसासाठी मी पिकअप नाकारतो ते पहिल्या कारणाने. चालकाच्या सीटवरून उठून, खाली न उतरता, मागे कुत्र्यापाशी जाता आले पाहिजे. रात्री आडजागी मुक्काम असताना कुणी दार वाजवले तर उलटही खरे: पलंगावरून उठून, दार न उघडता, थेट स्टिअरिंगवर बसून निघून जाता आले पाहिजे. एकटीने फिरणाऱ्या बाईसाठी तर ही अट सोडूच नये.

कायद्याचा भाग कंटाळवाणा असला तरी तो टाळून चालत नाही. वसई पूर्वेला वालिव, सातिवली, गोखिवरे इथल्या गाळ्यांत पत्राकाम, वेल्डिंग, फोम, रेक्झिन, फर्निचर सगळे करणारे हात आहेत. महिनाभरात कुठलीही व्हॅन आतून घर करून देतील, आणि काम चांगले करतील. पण मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीची मूळ रचना परस्पर बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे निःसंदिग्धपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. त्याहून मोठी भीती विम्याची. आरसीवर लिहिलेली गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांत फरक सापडला तर अपघातानंतर दावा अडकतो.

सरळ मार्ग दोन आहेत. एक, मोटार कॅरॅव्हॅनसाठी असलेल्या एआयएस-१२४ या मानकाप्रमाणे मंजुरी मिळालेल्या उत्पादकाकडून तयार गाडी घेणे. वाहन नोंदणीत कॅम्पर व्हॅनचा, अगदी खासगी वापराचाही, स्वतंत्र वर्ग आहे आणि आरसीवर तोच लिहून यायला हवा. पुण्याची एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी या अशा तपासण्यांच्या सरकारमान्य संस्था, तेव्हा कागद मागताना त्यांचे किंवा तशाच संस्थेचे प्रमाणपत्र मागावे. दुसरा मार्ग गाडीला हात न लावण्याचा: सीट, खिडक्या, पत्रा आहे तसा ठेवून आत फक्त काढता-घालता येणारे सामान वापरायचे, म्हणजे घडीचा पलंग, खोके, सुटी बॅटरी. इकोसाठी हाच मार्ग बरा. पण सीट काढली तरी आरसीवरची आसनसंख्या बदलते, त्यामुळे पाना हातात घेण्याआधी एमएच-४८ च्या आरटीओत जाऊन विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. लायसन्सची मात्र चिंता नको. ७,५०० किलोपर्यंतच्या गाड्या हलक्या मोटार वाहनाच्या लायसन्सवर चालतात, आणि वरच्या सगळ्या गाड्या त्याच्या पुष्कळ आत बसतात.

राज्य मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले. त्यात पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असलेल्या कॅरॅव्हॅन पार्कांची कल्पना आहे. कल्पना चांगली आहे आणि केळवे, बोर्डी, जव्हार यांना तिचा फायदाच होईल. पण रोज संध्याकाळी असा पार्क मिळेल, हे गृहीत धरून गाडीची आखणी करू नये. पाण्याची टाकी, वीज आणि शौचालय यांबाबत गाडी दोन दिवस स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. २० किलोच्या कुत्र्याला दिवसाला लिटरभर पाणी लागते, उन्हाळ्यात जास्त, आणि पाय-पोट धुवायला त्याच्या कितीतरी पट. शंभर लिटरची टाकी म्हणजे शंभर किलो वजन, हेही चढावर जाणवते.

आतल्या सजावटीत एकच आग्रह: जमीन आणि तिच्यावरची पहिली दीड फूट उंची धुता आली पाहिजे. समुद्राची वाळू आणि खारे पाणी कुत्र्याच्या केसांतून रोज आत येते. लाकडी पट्ट्यांची जमीन, कापडी गाद्या, गालिचा हे सगळे एका पावसाळ्यात बुरशी धरते. जाड व्हिनाइल, कडा वर वळवलेल्या, रेक्झिनच्या गाद्या आणि खालची सगळी लाकूडकामे आयएस ७१० च्या मरीन प्लायची असावीत.

गॅसबद्दल जरा थांबून सांगायला हवे, कारण इथे माणसाचे आणि कुत्र्याचे नशीब वेगळे होते. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तो वर न जाता जमिनीवर पसरून साचतो, आणि कुत्रा जमिनीवर झोपतो. आपण पलंगावर दोन फूट वर असतो, खिडकी उघडी असते, वास यायला वेळ लागतो. तोवर खाली कुत्रा त्याच हवेत असतो आणि त्याला दार उघडता येत नाही. त्यामुळे बंद व्हॅनच्या आत सिलिंडर ठेवायचाच नाही, अशा मताचा मी आहे. स्वयंपाक इंडक्शनवर करावा, बॅटरीला झेपेल तेवढाच: पेज, खिचडी, चहा. किंवा छोटी शेगडी गाडीबाहेर, उघड्यावर लावावी. बाकी पोळी-भाजी, सुकट-भाकरी या किनाऱ्यावर कुठेही मिळते. आधीच गॅस बसवलेली जुनी गाडी घेत असाल तर सिलिंडरचा कप्पा आतून बंद आणि तळाला बाहेर उघडणारा आहे ना, आणि गॅस ओळखणारे यंत्र जमिनीलगत लावलेय ना, हे पाहावे. छताला लावलेले असेल तर ते एलपीजीसाठी निरुपयोगी आहे.

गाडी चालत असताना कुत्रा मोकळा ठेवू नये. महामार्गावर अचानक ब्रेक लागला की मोकळा कुत्रा पुढच्या काचेवर जातो. छातीला बसणारा हार्नेस सीटबेल्टच्या बक्कलला अडकवावा, किंवा जमिनीला पक्का बसवलेला पिंजरा असावा. पट्टा गळ्याच्या कॉलरला कधीच बांधायचा नाही.

रात्रीसाठी छतावरचा तंबू आजकाल बराच खपतो. शिडी चढू न शकणाऱ्या कुत्र्याला घेऊन तो घेण्यात अर्थ नाही. त्याला खाली बाहेर बांधावे लागेल, आणि आपल्या जिल्ह्यात ते धोक्याचे आहे. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास करून २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, पाळीव कुत्र्यांचा निघाला. हे दूरच्या डोंगरातले म्हणून सोडून देऊ नये: मार्च २०२४ मध्ये खुद्द वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या दिसला आणि एप्रिलमध्ये तो पिंजऱ्यात सापडेपर्यंत किल्लाबंदरचे लोक संध्याकाळी घराबाहेर पडायला धजत नव्हते. सूर्य मावळला की कुत्रा गाडीच्या पत्र्याआत, दार बंद, जाळीच्या खिडक्या उघड्या. शेवटची लघवी करायलाही पट्ट्याने, टॉर्च घेऊन, आपण सोबत. तुंगारेश्वर आणि तानसा ही अभयारण्ये आहेत, तिथे पाळीव कुत्रा न्यायचाच नाही. त्याच्यासाठी आणि जंगलातल्या प्राण्यांसाठीही.

फिरायचा हंगाम कोणता, हे घाटावरच्या धनगरांनी पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवले आहे. मेंढ्या, घोडे आणि राखणीची कुत्री घेऊन त्यांचे वाडे दिवाळीच्या सुमारास कोकणात उतरतात आणि पावसाआधी पुन्हा घाटावर चढतात. कॅम्पर व्हॅनवाल्यानेही दिवाळी ते होळी हाच मुख्य काळ धरावा. त्यातही ऑक्टोबरात गवत वाढलेले असते आणि गोचिडी मुबलक. त्यांच्यापासून होणारा ताप कुत्र्याच्या रक्तपेशींवर उठतो, म्हणून गोचीडनाशक गोळी किंवा मानेवरचे थेंब निघण्याआधी द्यावेत आणि रोज रात्री कान, बगला, बोटांच्या फटी चाचपून पाहाव्यात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असतात. बावखलाचे, भातखाचराचे पाणी कुत्र्याला पिऊ द्यायचे नाही, आणि रेबीजबरोबर लेप्टोची लसही वर्षाच्या वर्षाला झालेली असावी.

पहिला प्रवास जवळचाच ठेवावा: डिसेंबर-जानेवारीत केळवे, मग डहाणू-बोर्डी, आणि तिसऱ्या वेळी जव्हार, साडेचारशे मीटरांच्या आसपास उंचीवर, जिथे रात्री पंख्याचीही गरज पडत नाही. गाडी सुरूच्या बनाच्या सावलीत लावताना ती सावली दोन तासांनी कुठे सरकेल ते बघून लावावी. वाळूत चाक घालू नये, भरतीने गिळलेल्या गाड्यांची दृश्ये आपल्या किनाऱ्याला नवी नाहीत. परत आल्यावर गाडीचे पोट गोड्या पाण्याने धुवावे, नाहीतर खारा वारा दोन वर्षांत पत्रा खातो.

तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना असतो आणि १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा पथकाची चौकशी करता येते. तिथले डॉक्टर मुख्यतः गुरे पाहतात, पण उष्माघात, विंचू-साप, जखम यांत त्यांची मदत मोलाची. कुत्र्याची लसीकरणाची वही, त्याचे वजन आणि चालू औषधे यांची प्रत गाडीत हवीच.

शेवटचा कागद बहुतेक जण विसरतात. एकट्या प्रवाशाला स्वतःलाच काही झाले, कुणी त्याला रुग्णालयात नेले, तर मागे बंद गाडीत कुत्रा आहे हे कुणाला कळणार? पुढच्या काचेवर आतून एक कार्ड लावावे: गाडीत कुत्रा आहे, त्याचे नाव, तो चावतो की नाही, पंखा कुठल्या बटणाने चालतो, आणि वसईतल्या एका माणसाचा फोन नंबर. तेच कार्ड आपल्या पाकिटात आधारकार्डाशेजारी. तो माणूस असा निवडावा की रात्री दोनला फोन आला तरी मोखाड्यापर्यंत येईल आणि कुत्रा त्याच्याबरोबर जाईल. म्हणजे कुत्र्याला त्याची आधीपासून ओळख हवी, चार-सहा वेळा त्याच्या घरी राहिलेला हवा. गाडीची दुसरी किल्लीही त्याच्याकडेच ठेवावी.